ढोकरीचे अंडे : एका अभ्यासविषयाची प्रस्तावना

मृग लागला की वसई-विरारमधल्या काही मोठ्या झाडांवर एकदम वर्दळ वाढते. पर्जन्यवृक्ष असो, चिंच असो की पिंपळ. फांद्या आडव्या पसरलेल्या असल्या की ढोकऱ्या, गायबगळे, लहान बगळे, रातबगळे आणि छोटे पाणकावळे तिथे जागा धरतात आणि एकमेकांच्या काटक्या पळवत घरटी रचतात. आठ-दहा दिवसांत झाडाखालचा रस्ता पांढरा होतो, कुजक्या मासळीचा वास सुटतो, रिक्षावाले आपली रांग चार पावले पलीकडे नेतात. मग कोणीतरी अर्ज करते, फांद्या तोडायला माणसे येतात. अशा वसाहतीसाठी मारुती चितमपल्ली यांनी ‘सारंगागार’ हा देखणा शब्द मराठीत रुळवला. त्या झाडाखालून नाक दाबून जाणाऱ्यांना मला एवढेच सांगावेसे वाटते, की आपण आपल्या गावाच्या दप्तराखालून चाललो आहोत.

त्या दप्तराची पाने म्हणजे अंडी. ढोकरीचे अंडे फिकट निळसर-हिरवे, जेमतेम चार सेंटिमीटर लांब. त्यात जे काही आहे ते आईच्या चोचीतून आले आहे : नायगावच्या खाजणातला निवटा, उमेळ्याच्या खाचरातला बेडूक, गटारालगतच्या डबक्यातली चिलापी. या अन्नाबरोबर जे पदार्थ शरीराला पचवता येत नाहीत आणि बाहेरही टाकता येत नाहीत, त्यांचा एक वाटा ती अंड्यात उतरवते. डीडीटीचे अवशेष, पारा, जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलातले पीसीबी, फोम आणि प्लास्टिक पेट घेऊ नये म्हणून घातलेली ब्रोमिनयुक्त रसायने, न चिकटणाऱ्या आणि न भिजणाऱ्या लेपांमधली फ्लोरिनची संयुगे. रानपाखरांच्या अंड्यांतली ही रसायने मोजणे, ती आली कुठून हे शोधणे आणि त्यांनी पिलाचे काय होते हे समजून घेणे, एवढा हा विषय आहे. तो शिकू पाहणाऱ्या, विशेषतः वसई-पालघरच्या महाविद्यालयांतल्या मुलामुलींसाठी ही पुस्तिका आहे. रसायनशास्त्रात कच्चे असाल तरी या. पक्षी ओळखता येत नसतील तरी या. दोन्ही गोष्टी शिकता येतात. रोज त्याच झाडाखाली जाऊन उभे राहण्याची चिकाटी तेवढी ज्याची त्याने आणावी लागते.

विषयाची सुरुवात जरा गमतीशीर तक्रारीतून झाली. १९६० च्या सुमारास ब्रिटनमधल्या शर्यतीची कबुतरे पाळणाऱ्यांनी सरकारकडे गाऱ्हाणे केले की बहिरी ससाणे फार माजले आहेत, आमची कबुतरे मारतात. खरे-खोटे पाहण्यासाठी डेरेक रॅटक्लिफ या पक्षीशास्त्रज्ञावर गणनेचे काम सोपवले गेले. त्याला ससाणे माजलेले सापडले नाहीत. ठिकठिकाणी ते नाहीसेच होत होते. घरट्यांत फुटलेली अंडी त्याला आधीपासून दिसत होती. अंडी का फुटतात, याचे उत्तर त्याने जुन्या कपाटांत शोधले. अंडी जमवणे हा तोवर तिथल्या हौशी लोकांचा शौक होता. आतला बलक काढून टाकलेली हजारो टरफले संग्रहालयांत आणि घरांत पडून होती. रॅटक्लिफने टरफलाचे मिलिग्रॅममधले वजन घेतले आणि त्याला अंड्याची लांबी आणि रुंदी यांच्या मिलिमीटरमधल्या गुणाकाराने भागले. इतके साधे सूत्र, टरफल फोडायचीही गरज नाही. १९४७ च्या आसपास आकडा धाडकन खाली आला होता, टरफल सुमारे एक पंचमांशाने हलके झाले होते. डीडीटी सर्रास वापरात आली तीच ही वर्षे. १९६७ मध्ये ‘नेचर’मध्ये त्याचा छोटासा निबंध आला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत जोसेफ हिकी आणि डॅनिएल अँडरसन यांनी शिकारी आणि मासेखाऊ पक्ष्यांत तेच दाखवून दिले. रेचल कार्सन यांचे ‘सायलेंट स्प्रिंग’ १९६२ मध्येच येऊन गेले होते. त्यांनी उपस्थित केलेल्या प्रश्नाला आता मोजपट्टी मिळाली.

कॅलिफोर्नियाच्या अनाकापा बेटावर १९७० मध्ये तपकिरी पेलिकनांच्या साडेपाचशेवर घरट्यांतून एकच पिलू बाहेर आले. आई अंड्यावर बसली की अंडे तिच्याच भाराने चेपत होते. अमेरिकेने १९७२ मध्ये डीडीटीवर बंदी घातली.

यामागची यंत्रणा थोडक्यात सांगतो, पुढे एक प्रकरण तिच्यावरच आहे. डीडीटी शरीरात शिरली की तिचे डीडीई होते, आणि ते चरबीत ठाण मांडून बसते. मादीच्या अंडनलिकेत टरफल चढवणारी एक ग्रंथी असते. रक्तातले कॅल्शियम तिथून पाझरून अंड्याभोवती बसते. डीडीई हे पाझरणे मंद करते. पण सगळ्या पक्ष्यांत सारखे नाही. ससाणा, पेलिकन, बदक यांना ते फार बाधते. कोंबडी आणि लावा यांना जवळजवळ नाही. म्हणून केवळ कोंबडीवर प्रयोग करून ‘काही होत नाही’ असे म्हणणारा फसतो. या विषयात शिरणाऱ्याने हा धडा पहिल्या दिवशीच पदराला बांधावा : एका पक्ष्याचा आकडा दुसऱ्याला लावायचा नाही.

आपल्याकडे डीडीटीची कथा वेगळी आहे आणि ती सांगताना न्याय करावा लागतो. १९५३ मध्ये राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला तेव्हा भिंतींवर फवारलेल्या डीडीटीने लाखो जीव वाचवले. पंखा नसलेल्या घरात तापाने फणफणलेले मूल ज्यांनी पाहिले आहे त्यांच्यासमोर त्या पावडरीला नुसते शिव्याशाप देणे मला कधी जमले नाही. शेतीसाठी तिच्यावर १९८९ मध्ये बंदी आली. रोगनियंत्रणासाठी वापर चालू राहिला आणि रायगड जिल्ह्यातल्या रसायनीच्या सरकारी कारखान्यात ती बनतही राहिली. शेतात मुबलक वापरल्या गेलेल्या बीएचसीवर १९९७ मध्ये बंदी आली. चिवट सेंद्रिय प्रदूषकांवरचा स्टॉकहोम करार २००१ मध्ये झाला, भारताने तो २००६ मध्ये स्वीकारला. भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी मुंबईच्या किनाऱ्यावरचे पाणी, गाळ आणि मासे यांतली डीडीटी आणि एचसीएच (म्हणजेच बीएचसी) मोजली आहे. पक्ष्यांकडे पाहायचे तर भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानाचे नाव आधी घ्यावे लागते. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तिथे सारस आणि दाणे खाणारे इतर पक्षी मरू लागले, एस. मुरलीधरन यांनी त्यामागे आजूबाजूच्या शेतांतले आल्ड्रिन असल्याचे दाखवले, आणि तिथल्या सारंगागारातल्या पाणपक्ष्यांच्या अंड्यांतली कीटकनाशकेही तपासली. असे रानपाखराचे अंडे आपल्याकडेही प्रयोगशाळेच्या टेबलावर आले. पुढे कोइमतूरच्या सालिम अली पक्षी व निसर्ग अभ्यास केंद्रात हे काम वाढत गेले.

आता वसईकडे येतो. कोणत्याही खाडीच्या मुखाशी राहणाऱ्या माणसाला वर काय चालते ते माहीत असले पाहिजे, कारण शेवटी सगळे त्याच्या दारात येते. उल्हास नदी बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण अशी वस्त्या आणि कारखाने ओलांडत येते, वाटेत वालधुनी आणि काळू तिला मिळतात, आणि घोडबंदरवरून पुढे ती वसईची खाडी होते. पाणजू बेटाला वळसा घालून समुद्राला मिळते. या नदीच्या खालच्या भागात गाळात पारा साठला आहे, हे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मुंबई केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी अनेक वर्षे मोजून दाखवले. एम. डी. झिंगडे आणि बी. एन. देसाई यांचा ठाणे खाडीतल्या पाऱ्यावरचा निबंध १९८१ चा. अनिरुद्ध राम आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा उल्हासच्या गाळावरचा २००९ चा. या पाऱ्याचा मुख्य उगम कॉस्टिक सोडा आणि क्लोरिन बनवणाऱ्या कारखान्यांतल्या पाऱ्याच्या घटांमध्ये. पुढे देशातल्या कारखान्यांनी ते तंत्र सोडले. पाऱ्यावरचा मिनामाता करार भारताने २०१८ मध्ये स्वीकारला. पण गाळात गेलेला पारा तिथेच आहे.

तो तिथेच निजून राहिला असता तर गोष्ट वेगळी होती. तिवरांच्या काळ्या, सडक्या अंड्यासारखा वास येणाऱ्या चिखलात हवा पोचत नाही. तिथे सल्फेटवर जगणारे जिवाणू असतात. ते पाऱ्याचे मिथिलमर्क्युरी करतात, आणि याच रूपात पारा अन्नसाखळीत चढतो. चिखलावरचे शेवाळ खाणारा किडा, किड्याला खाणारी कोळंबी, कोळंबी खाणारा मासा, मासा खाणारा बगळा : प्रत्येक पायरीवर त्याचे प्रमाण वाढत जाते. त्यात रेतीउपशाची भर. हातपाटीने डुबी मारून रेती काढणारा माणूस वरवरची रेती काढतो. सक्शन पंप मात्र खोलवर गाडला गेलेला जुना गाळ ढवळून पाण्यात आणतो. वसई आणि वैतरणा या दोन्ही खाड्यांवर राहणाऱ्यांना हे पंप चांगलेच माहीत आहेत.

उत्तरेला, आपल्याच पालघर जिल्ह्यात, तारापूरची औद्योगिक वसाहत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या पर्यावरण प्रदूषण निर्देशांकात ९३.६९ गुणांनी ती देशात सर्वांत वर होती. तिथल्या सांडपाण्याविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे कोण गेले हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे : अखिल भारतीय मांगेला समाज परिषद, म्हणजे मासेमारांची संघटना. पाण्यातला बदल आधी जाळे टाकणाऱ्याला कळतो. वसईतही हिरव्या पट्ट्यासाठी उभे राहण्याची परंपरा आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने चाललेली हरित वसई संरक्षण समितीची चळवळ ज्यांनी पाहिली त्यांना वाडी, विहीर आणि पाणी हे शब्द एका श्वासात उच्चारायची सवय आहे. २००९ मध्ये महानगरपालिका झाली, २०११ च्या जनगणनेत शहराची वस्ती बारा लाखांवर गेली. एवढ्या माणसांचे सांडपाणी, वालीव-सातिवलीच्या गाळ्यांमधून निघणारे नाले, गोखिवऱ्याची कचराभूमी, मिठागरे, भातशेती आणि पानवेलीच्या वाड्या, हे सगळे एका बगळ्याच्या एका दिवसाच्या उड्डाणात बसते.

इथे मला या पुस्तिकेतली सर्वांत जिव्हाळ्याची गोष्ट सांगायची आहे.

मुंबई-ठाण्याकडे पाणपक्षी म्हटले की फ्लेमिंगो. ठाणे खाडीचे अभयारण्य २०१५ मध्ये त्यांच्याच नावाने जाहीर झाले, २०२२ मध्ये ते रामसर स्थळ झाले, आणि हे फार चांगले झाले. भुईगावच्या पाणथळीवर हिवाळ्यात दुर्बिणी घेऊन येणारी मंडळीही दूरदेशीच्या पाहुण्यांसाठीच येतात. पण फ्लेमिंगो इथे अंडी घालत नाही, ती कच्छच्या रणात. चिखले, तुतारी हे हिवाळी पाहुणे ती घालतात हिमालयापलीकडे. त्यांच्या अंड्यात चार देशांचे पाणी मिसळलेले असते. ढोकरी मात्र इथलीच. ती रुबाबदार नाही, मातकट रंगाची, चिखलात तासन् तास कुबड काढून उभी. उडाली की पंख पांढरेशुभ्र दिसतात तेवढेच. तिचे फोटो कोणी काढत नाही. विणीच्या दिवसांत ती वसाहतीपासून काही किलोमीटरच्या आतच चरते, आणि तिच्या अंड्यातला बराचसा मजकूर आदल्या काही आठवड्यांच्या जेवणातून आलेला असतो. वसईच्या पाण्याबद्दल विचारायचे असेल तर तिला विचारावे.

आणि एकटीलाच नको. सारंगागाराची खरी श्रीमंती त्याच्या मिसळीत आहे. एकाच झाडावर लहान बगळा असतो, तो भरती-ओहोटीच्या खाडीत मासे टिपतो. ढोकरी तळी, खाचरे आणि गटारांच्या कडेने फिरते. गायबगळा गुरांच्या मागे गवतातले किडे खातो आणि कचराभूमीवर माश्यांसाठी जातो. छोटा पाणकावळा तळ्यात बुडी मारतो. झाड एक, पाऊस एक, पण घास चार ठिकाणचे. चौघांची अंडी शेजारी शेजारी ठेवली तर प्रदूषण खाडीतून येते आहे की खाचरातून की कचऱ्यातून, हे वेगळे काढता येते. खाडीतल्या बगळ्याच्या अंड्यात पारा अधिक आणि गायबगळ्याच्या अंड्यात कमी, तर बोट गाळाकडे जाते. उघड्यावर जळणाऱ्या कचऱ्यातून डायॉक्सिन तयार होतात. ती गायबगळ्याच्या अंड्यात वाढलेली दिसली तर बोट दुसरीकडे जाईल. महागड्या उपकरणांची गाडी गावभर फिरवूनही जे नमुने मिळणार नाहीत ते चार पक्षी रोज पोटातून वाहून एका झाडावर आणतात. मला या मांडणीचे इतकी वर्षे होऊनही नवल वाटते.

पाऱ्याच्या बाबतीत तर बगळ्यांकडे विशेष लक्ष द्यायला हवे. अमेरिकेत मेरीलँडच्या पटक्सेंट संशोधन केंद्रातल्या गॅरी हाइन्झ यांनी २००९ मध्ये छापलेल्या अभ्यासात सव्वीस जातींच्या अंड्यांत मिथिलमर्क्युरी टोचून कोणाचा गर्भ किती तग धरतो ते पाहिले. मॅलार्ड बदक आणि तिकडचा पाणकावळा बरेच सोसतात असे दिसले. तिकडचा हिमबगळा फार नाजूक निघाला. हा हिमबगळा आपल्या लहान बगळ्याचा अगदी जवळचा नातलग. म्हणजे आपल्या झाडावर शेजारी बसलेल्या पाणकावळ्याची आणि बगळ्याची सहनशक्ती सारखी धरून चालणार नाही.

अंडे सगळेच सांगते असे मात्र समजू नका. चरबीत विरघळणारी द्रव्ये, डीडीई, पीसीबी, ब्रोमिनची रसायने, पिवळ्या बलकात जातात. पारा बहुतेक करून पांढऱ्यात जातो, कारण तो प्रथिनांना धरून असतो. सेलेनियम दोन्हींत. शिसे आणि कॅडमियम मात्र आई अंड्यात फारसे उतरू देत नाही. कॅडमियम तिच्या मूत्रपिंडात अडकून बसते. गणेशमूर्तींच्या रंगांतले शिसे तळ्यात आले का, हा प्रश्न दरवर्षी विद्यार्थी विचारतात. प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर अंड्यात शोधू नये. पिसात, रक्तात, तळ्याच्या गाळात शोधावे. तसेच आजच्या वाड्यांवर फवारली जाणारी बहुतेक कीटकनाशके लवकर विघटित होतात. ती पक्ष्याला एका दिवसात मारू शकतात आणि अंड्यात काहीच माग ठेवत नाहीत. अंडे स्वच्छ आले म्हणून वाडी स्वच्छ, असा निष्कर्ष कोणी काढला तर त्याला पुन्हा पहिल्या पानावर पाठवावे.

मिठागराच्या बांधांवर टिटवी अंडी घालते, उघड्यावर, चार खड्यांमध्ये चार खडे मिसळावेत तशी. तिने उंच जागा धरली तर पाऊस जास्त, असे आपल्याकडचे शेतकरी आजही म्हणतात. समुद्राने अंडी पळवली म्हणून चोचीने समुद्र आटवायला निघालेल्या टिटवीची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. ‘टिटवी देखील समुद्र आटविते’ ही म्हण त्यातूनच. मिठागरांकडे या विषयाने पाहण्याला एक कारण आहे. कॅलिफोर्नियातल्या केस्टरसन जलाशयात शेतांचे निचऱ्याचे पाणी साठवत असत. जमिनीतले सेलेनियम त्यात धुऊन येई आणि बाष्पीभवनाने दाट होत जाई. १९८३ मध्ये तिथे शेकाट्या, वारकरी आणि बदके यांच्या अंड्यांत डोळे नसलेले, चोच वाकडी असलेले गर्भ सापडले. सेलेनियम कारखान्यातून आले नव्हते. उथळ पाणी, ऊन आणि साठवण यांनी ते घट्ट केले. आपल्या मिठागरांच्या कोंडीतही तेच ऊन असते आणि तिथेच शेकाट्या लांब लाल पायांनी फिरत असतो. आपल्याकडे सेलेनियम नसेलही. पण पाणी आटते तिथे त्यातले सगळेच दाट होते, मीठ हे त्यातले फक्त एक.

पद्धतींविषयी पुढे सविस्तर आहे, इथे हाताने केलेली एकच गोष्ट सांगतो. प्राणिशास्त्र शिकवत असताना मी मुलांना टरफल मोजायला शिकवायचो ते भुर्जीच्या गाडीवरच्या टरफलांवर. संध्याकाळी गाडीवाल्याकडून पिशवीभर टरफले आणायची, धुवायची, आठवडाभर सावलीत वाळवायची, मग मध्यावरचा तुकडा घेऊन मायक्रोमीटरमध्ये धरायचा. कोंबडीचे टरफल साधारण एक तृतीयांश मिलिमीटर भरते. एका वर्षी दोन मुलींचे आकडे कायम वेगळे येत. दोघींचे हात स्थिर, यंत्र एकच. शेवटी तुकडे हातात घेऊन खिडकीशी गेलो तेव्हा कळले : एक जण टरफलाच्या आतला पातळ पापुद्रा सोलून मोजत होती, दुसरी पापुद्र्यासकट. दोन्ही पद्धती चालतात; कोणती वापरली ते लिहिले नाही तर आकडा वाया जातो. त्या दोघींनी त्यानंतर वहीच्या प्रत्येक पानावर वर ‘पापुद्र्यासह’ असे लिहायला सुरुवात केली. तुम्हीही लिहा.

झाडाखाली पडलेली टरफलेही अशीच फसवी. पिलू बाहेर आले की आई-बाप टरफल खाली ढकलतात. निळा अर्धा कटोरा दिसला की उचलावासा वाटतो. पण आतल्या पिलाने हाडांसाठी त्याच टरफलातले कॅल्शियम घेतलेले असते, म्हणून उबून झालेले टरफल ताज्या अंड्यापेक्षा पातळ असतेच. ते मोजून डीडीटीला दोष द्यायचा नाही. जे अंडे उबलेच नाही तेही सरासरीचे प्रतिनिधी नसते. ते का उबले नाही हाच तर प्रश्न असतो. म्हणून या शास्त्रात रूढ रीत अशी : ठरलेल्या दिवसांत, ठरलेल्या घरट्यांतून प्रत्येकी एकच ताजे अंडे घ्यायचे, उरलेल्यांचे पुढे काय झाले त्याच्या नोंदी ठेवायच्या. अंडे घरट्यात पडून असते तेव्हा त्यातले पाणी उडत राहते, त्यामुळे तीच रसायने दाट झाल्यासारखी दिसतात; त्यासाठी अंड्याचे आकारमान धरून आकडा दुरुस्त करावा लागतो.

आणि यातले काहीही परवानगीशिवाय करायचे नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी वा घरटी यांना इजा करणे, त्यांना छेडणे येते. संशोधनासाठी मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते. मला ही अट कधी जाचक वाटली नाही. ज्याचे एक अंडे आपण घेतो त्याच्याबद्दल आधी कागदावर कारण लिहावे लागणे योग्यच आहे.

वन्यजीव रक्षकांची परवानगी न लागणारे, पण अतिशय मोलाचे काम मुंबईत पडले आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना १८८३ ची; तिच्याकडे जुन्या अंड्यांचा संग्रह आहे. ए. ओ. ह्यूम आणि स्टुअर्ट बेकर या पक्षीअभ्यासकांच्या काळात भारतभर अंडी गोळा केली जात, मापे लिहून ठेवली जात. आज तो छंद गुन्हा आहे. पण डीडीटीपूर्वीच्या बगळ्यांची टरफले त्यातून उरली आहेत, आणि रॅटक्लिफचे सूत्र वापरायला तराजू, व्हर्निअर आणि संग्रहालयाची अनुमती एवढेच लागते. कोणा विद्यार्थ्याने एवढे एक काम हाती घेतले तरी या पुस्तिकेचे सार्थक होईल.

इतर देशांनी दीर्घ नोंदींवर भर दिला. स्वीडनने बाल्टिक समुद्रातल्या गिलेमॉट पक्ष्याची अंडी १९६९ पासून जपून ठेवली, कॅनडाने महासरोवरांवरच्या कुरवांची १९७४ पासून दरवर्षी तपासली. त्या मालिकांमुळे डीडीटी आणि पीसीबी बंदीनंतर उतरत गेलेले दिसले, आणि गोठवून ठेवलेल्या जुन्या अंड्यांत मागे जाऊन ब्रोमिनची रसायने कधी चढू लागली तेही शोधता आले. ज्या वेळी अंडे गोठवले त्या वेळी त्या रसायनाचे नावही कोणी यादीत घेतले नव्हते. वसईत अशी मालिका उभी करायला दरवर्षी वीस-पंचवीस अंडी, एक चांगला फ्रीझर आणि वीज गेल्यावर धावणारा माणूस पुरेसा आहे.

आकडे हाती आले की जपून बोला. ‘बगळ्यांच्या अंड्यांत विष’ असा मथळा दुसऱ्या दिवशी पाचूबंदरच्या कोळणीच्या टोपलीवर येऊन आदळतो. बगळा लहान मासे अख्खे, आतड्यांसकट, दिवसभर खातो. माणसाचे जेवण तसे नसते. अंड्यातला आकडा माणसाच्या ताटाला लावता येत नाही, त्यासाठी बाजारातली मासळी वेगळी तपासावी लागते. म्हणून निष्कर्ष छापण्याआधी ते किनाऱ्यावर जाऊन वाचून दाखवावेत असा माझा आग्रह आहे. तिथली माणसे असे प्रश्न विचारतात की निबंधाचा निम्मा भाग परत लिहावा लागतो.

जूनमध्ये सुरुवात करा. आपल्या घराजवळचे झाड शोधा, घरटी मोजा, कोणत्या जातीची किती ते लिहा, झाडाखाली सांडलेली मासळी कोणती ते ओळखा; पिले भेदरली की पोटातले ओकतात, त्यात निवटे, कोळंबी, भातातले खेकडे सगळे दिसते. मी ज्या झाडाखाली सर्वांत जास्त उभा राहिलो त्याच्या बुंध्याशी एक पंक्चरवाला बसतो. तो ताडपत्री बांधून काम करतो आणि पहिले पिलू कधी पडले, पाणकावळे या वर्षी उशिरा आले का, हे विचारल्याबरोबर सांगतो. गेल्या पावसाळ्यात त्याने मला तारीख सांगताना हातातली ट्यूब पाण्यात धरलेलीच होती. ती तारीख मी वहीत लिहून घेतली आहे. परिशिष्टातल्या तक्त्याची पहिली ओळ तीच आहे.